बोटीवरचा बंब

मुलांनो, आज आंघोळ झाली का? खरं सांगा हं! नुसतं तोंडावर पाणी मारून, केसांना तेल चोपडून शाळा गाठणारे वीर माझ्याही वर्गात आहेत. त्यांनाही काय बोलणार म्हणा. पौष महिन्यात आमच्या नेसरीला थंडी अशी झोंबते, की सकाळी तांब्या हातात घ्यायलाही धीर लागतो. मग घरोघरी परड्यात बंब धुमसू लागतात. उसाची चिपाडं, शेणी, ढलप्या असं जे हाताला लागेल ते त्यात जातं आणि धुराचा वास अंगाला लावूनच मुलं शाळेत येतात.

अशाच एका सकाळी मी चौथीच्या वर्गात एका बोटीचं चित्र लावलं होतं. बोटीचं नाव ‘तारिणी’. आपल्या नौदलाची ही शिडाची बोट गोव्यात, मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. लांबी सुमारे १७ मीटर, म्हणजे आपल्या शाळेचे दोन-तीन वर्ग एका ओळीत ठेवले तर जेवढे होतील तेवढीच. पण या एवढ्याशा बोटीतून सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला फेरी मारून २१ मे २०१८ रोजी परत आल्या. पुढे २ ऑक्टोबर २०२४ रोजी लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच तीच बोट घेऊन निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी गोव्याला पोचल्या. आठ-आठ महिने समुद्रावर! दक्षिणेकडे तर बर्फासारखं वारं आणि घराएवढ्या लाटा.

मी म्हणाले, “विचारा, काय विचारायचंय ते.”

मला वाटलं, मुलं वादळाबद्दल विचारतील, देवमाशाबद्दल विचारतील. पण खिडकीजवळची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “बाई, त्या आंघुळीला पाणी कुठं तापवत असतील? बोटीवर बंब असतो व्हय?”

सगळा वर्ग खो खो हसला. मी मात्र हसले नाही. का हसले नाही, ते शेवटी सांगते. तिला म्हटलं, “प्रश्न पहिल्या नंबरचा आहे. आज आपणच एका बोटीवर गरम पाण्याची सोय करू या. बोट तुमची, कारागीरही तुम्हीच. बोला, काय बसवायचं?”

“बंब!” मागच्या बाकावरून आवाज आला.

ठीक आहे, बंब. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी बंब नाही, त्यांच्यासाठी सांगते. तांब्याच्या उभ्या पिंपाच्या मधोमध एक नळकांडं असतं. नळकांड्यात जाळ आणि त्याच्या भोवती पाणी. धूर वरून निघून जातो. नरसाळ्यातून गार पाणी ओतलं की ते थेट तळाला जातं आणि वर जमलेलं कढत पाणी तोटीतून बाहेर पडतं. गरम पाणी हलकं असतं, म्हणून ते नेहमी वर राहतं. जेवढं ओताल तेवढंच मिळेल, असा बंबाचा चोख व्यवहार! रशियात चहासाठी असंच एक भांडं वापरतात, त्याला समोवार म्हणतात. तो आपल्या बंबाचा चुलतभाऊच समजा.

पण हा बंब बोटीवर चालेल का? शिडाची बोट वाऱ्यानं कलते. कलते म्हणजे आपली बैलगाडी खड्ड्यात कलते तशी, आणि तीसुद्धा तासन्‌तास. बंब आडवा झाला की निखारे बाहेर. खाली जमीन नाही, फायबरची बोट. वर कापडाचं शीड. पळायला परडं नाही, चारी बाजूंना समुद्र. शिवाय आठ महिन्यांचं जळण ठेवायचं कुठं? बंब रद्द!

“बाई, कॉईल! बादलीत टाकायची आणि बटण दाबायचं.”

शाबास! पण वीज कुठून आणणार? समुद्रात खांब नसतात. बोटीवर बॅटरी असते. चला, फळ्यावर हिशेब करू. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. बादलीत २० लिटर पाणी आहे, २० अंशांचं. ते ४५ अंशांपर्यंत न्यायचं. म्हणजे २५ अंश वाढवायचे. २० गुणिले २५ किती? ५०० किलोकॅलरी. विजेचं एक युनिट म्हणजे साधारण ८६० किलोकॅलरी. म्हणजे एका बादलीला अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज लागली.

तुम्ही म्हणाल, अर्धं युनिट म्हणजे किती ते! घरी काहीच नाही. पण १२ व्होल्ट आणि १०० अँपिअर-तासांची चांगली मोठी बॅटरी पूर्ण भरली, तरी तिच्यात वीज असते जेमतेम सव्वा युनिट. दोघींनी एकेक बादली आंघोळ केली की बॅटरी संपली! मग दिवे बंद, वायरलेस बंद, वाट दाखवणारी यंत्रं बंद. अंग गरम आणि बोट आंधळी. कॉईल रद्द!

“गॅस गिझर!” हे तर चार-पाच जण एकदम ओरडले. आता गावोगावी तो आलाच आहे ना.

थांबा. गॅसच्या दोन खोडी आहेत. पहिली अशी की आपल्या सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला तर वर उडून जात नाही, पाण्यासारखा खाली उतरतो. घरात तो दाराखालच्या फटीतून थोडा तरी बाहेर जाईल. बोटीला खाली फट असून कसं चालेल? ती बुडेल की! म्हणून गळलेला गॅस बोटीच्या तळाशी साचून राहतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. त्यासाठी बोटीवर सिलिंडर एका वेगळ्या बंद कप्प्यात ठेवतात आणि त्या कप्प्याच्या तळाला बाहेर समुद्राकडे उघडणारं भोक ठेवतात. गळला तर गळू दे, पण बाहेर!

दुसरी खोड याहून वाईट. ती मी शेवटासाठी राखून ठेवते.

“मग ऊन!” खिडकीजवळची ती मुलगी पुन्हा उठली. “आमच्या काकांच्या स्लॅबवर सोलर हाय.”

कल्पना फार चांगली. सोलरमध्ये काळ्या नळ्या उन्हात तापतात, त्यातलं पाणी हलकं होऊन आपोआप वरच्या टाकीत चढतं आणि टाकीतलं गार पाणी खाली उतरतं. पंप लागत नाही. पण त्यासाठी टाकी वर आणि नळ्या खाली, हे कायम राहायला हवं. बोट कलली की वरचं खाली होतं आणि सगळा खेळ बिघडतो. लहान बोटीवाले मात्र एक साधी युक्ती करतात. काळ्या पिशवीत पाणी भरून ती डेकवर उन्हात ठेवतात. दुपारी कोमट पाणी तयार! पण सात दिवस ढग राहिले तर? बसा कुडकुडत.

आता सगळे गप्प झाले. बंब नाही, कॉईल नाही, गॅस नाही, उन्हाचा भरवसा नाही. मग काय?

मलाही सगळं ठाऊक नव्हतं बरं का! माझा एक मावसभाऊ गोव्यात बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. मधल्या सुट्टीत त्याला फोन लावला. तो हसून म्हणाला, “ताई, मुलांना विचार, तुमच्या बाबांची मोटारसायकल गावाहून आल्यावर इंजिनाला हात लावाल का?”

कोण लावेल? चटका बसेल! बस्स, उत्तर त्यातच आहे. शिडाच्या बोटीलाही एक लहान डिझेल इंजिन असतं. बंदरात शिरताना, वारा पडल्यावर, बॅटरी भरायला ते लागतं. त्यात जाळलेल्या डिझेलच्या उष्णतेपैकी साधारण तिसरा हिस्साच कामाला येतो. बाकीची उष्णता धुराबरोबर आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याबरोबर वाया जाते. हे पाणी इंजिनातून फिरून बाहेर येतं, तेव्हा जवळजवळ ८० अंशांचं असतं. समुद्रात फेकून द्यायची ती उष्णता आंघोळीला वापरायची, एवढीच युक्ती. जेवणाचा जाळ विझल्यावर चुलीच्या वैलावर आजी पाण्याचं भांडं ठेवते ना? अगदी तसंच. जळणाचा खर्च जेवणाच्या नावावर, पाणी फुकट!

यासाठी बोटीवर जी टाकी बसवतात, तिला कॅलॉरिफायर म्हणतात. नाव अवघड, वस्तू सोपी. टाकीच्या आत नळीचं वेटोळं असतं. वेटोळ्यातून इंजिनाचं कढत पाणी फिरतं आणि भोवती आपलं आंघोळीचं गोडं पाणी असतं. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, फक्त उष्णता इकडून तिकडे जाते. म्हणजे पाहा, बंबाचंच हे भावंड. बंबात मधल्या नळकांड्यात जाळ असतो, इथं मधल्या वेटोळ्यात कढत पाणी. टाकीला बाहेरून जाड फोमचं जॅकेट असतं, त्यामुळे रात्री तापलेलं पाणी सकाळीही गरम मिळतं. बहुतेक टाक्यांत एक विजेची कॉईलही असते, पण ती धक्क्याला लागल्यावर किनाऱ्यावरची वीज घेऊन वापरायची.

टाकी ठरली. आता बसवायची कुठं आणि कशी? माझ्या भावानं फोनवर पाच गोष्टी सांगितल्या. मी त्या फळ्यावर लिहिल्या.

एक, टाकी इंजिनाच्या जवळ. नळी जितकी लांब, तितकी उष्णता वाटेत सांडते.

दोन, टाकी खाली. वर बसवली तर बोट डोक्याकडे जड होते. शिवाय इंजिनाच्या पाण्याच्या टाकीपेक्षा वेटोळं उंच झालं, तर त्यात हवा अडकून बसते आणि पाणी फिरतच नाही.

तीन, टाकी पक्की आवळलेली. २० लिटरची भरलेली टाकी म्हणजे पाण्याचे २० किलो आणि वर टाकीचं वजन. वादळात ती सुटली तर आत माजलेला बैलच मोकळा सोडला म्हणायचा.

चार, दाबाला वाट. पाणी तापलं की फुगतं. २० लिटर पाणी २० अंशांवरून ८० अंशांवर नेलं, तर ते सुमारे अर्धा लिटर वाढतं. बंद टाकीत हे अर्धा लिटर जाणार कुठं? वाट नाही दिली तर टाकीच फुटेल. म्हणून एक व्हॉल्व्ह बसवतात. दाब वाढला की तो आपोआप थोडं पाणी सोडून देतो, कुकरच्या शिट्टीसारखा.

पाच, विसण. हा आपला मराठी शब्द शहरातली मुलं विसरत चालली आहेत. कढत पाण्यात गार पाणी घालून ते सोसवेल असं करायचं, ते विसण. साठ अंशांच्या पाण्यानंसुद्धा काही सेकंदांत कातडी भाजते, मग ऐंशी अंशांचं काय? म्हणून टाकीच्या तोंडाशी एक असा व्हॉल्व्ह लावतात, की तो स्वतःच गार पाणी मिसळून नळाला बेताचं गरम पाणी देतो. आणि गंमत बघा, ८० अंशांच्या २० लिटर पाण्यात २० अंशांचं ४० लिटर पाणी विसणलं, की ४० अंशांचं ६० लिटर पाणी होतं! टाकी लहान, पाणी भरपूर.

पण म्हणून बोटीवर कुणी बादल्याच्या बादल्या ओतत नाही हं! समुद्रात पाणी अथांग, पण गोडं पाणी मोजकंच. लांबच्या सफरीत पुष्कळ दर्यावर्दी खाऱ्या पाण्यानंच अंग धुतात आणि शेवटी तांब्याभर गोडं पाणी घेतात. खाऱ्या पाण्यात आपल्या साबणाला फेसही धड येत नाही. आपण नळ सोडून गाणी म्हणत बसतो, तेव्हा हे आठवावं.

फोन ठेवताना माझा भाऊ म्हणाला, “ताई, बोटीवर कुठलंही गरम पाण्याचं सामान बसवायचं झालं ना, तर पाणी किती तापेल हे आम्ही शेवटी बघतो. आधी तीन प्रश्न. उष्णता कुठून येणार? दाब कुठून जाणार? आणि धूर कुठून जाणार? तिन्हीची उत्तरं मिळाली तरच स्क्रू पिळायचा.”

मुलांनो, हा तिसरा प्रश्न ऐकला आणि मी क्षणभर गप्प झाले. आता ती राखून ठेवलेली गोष्ट सांगते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी गॅस गिझर बसवला. बसवणारा म्हणाला, “बाहेर लावला तर पाइप जास्त लागंल, आतच लावू.” मी म्हटलं, “लावा.” बाथरूम एवढीशी. वर एक खिडकी होती, पण थंडीचं वारं येतं म्हणून मीच तिला प्लॅस्टिक ठोकलं. माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. एक-दोनदा ती म्हणाली, “आई, आंघोळ केली की डोकं दुखतं गं.” मी काय म्हणाले असेन? “अभ्यासाला बसायचं म्हटलं की दुखतंच तुझं!”

एका रविवारी ती न्हायला गेली. पाणी वाहत होतं, बादली भरून सांडत होती, पण आतून आवाज नाही. हाक मारली, ओ नाही. दार वाजवलं, तरी नाही. शेजारच्या भाऊंनी खांद्यानं कडी तोडली. ती भिंतीला टेकून बसली होती, मान खाली. तिला उचलून अंगणात मोकळ्या हवेत आणलं, जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी लगेच ऑक्सिजन लावला. संध्याकाळी तिनं डोळे उघडून पाणी मागितलं. तो आवाज माझ्या कानातून अजून जात नाही.

डॉक्टरांनी समजावलं ते तुम्हीही नीट ऐका. गिझरची ज्योत जळायला हवा लागते. बंद खोलीतली हवा अपुरी पडली, की ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही. सिलिंडरमधला गॅस गळला तर वास येतो, कारण ओळखू यावा म्हणून तो वास मुद्दाम घातलेला असतो. हा चोर मात्र गुपचूप येतो. आपल्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन असतं. ते ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं. मग ऑक्सिजनला जागाच उरत नाही. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, हातपाय गळतात. दार उघडायचं सुचतं, पण उठवत नाही.

माझी मुलगी डोकं दुखतं म्हणत होती, तेव्हा ती अभ्यास टाळत नव्हती. ती मला सांगत होती आणि मी ऐकलं नाही. वर्गात मुलांना ‘प्रश्न विचारा’ म्हणणारी मी, घरातला एवढा प्रश्न मला ऐकू आला नाही.

आता आमचा गिझर बाहेरच्या भिंतीवर, उघड्या पडवीत आहे. आत येतो फक्त पाण्याचा पाइप. तो लांब झाला, त्यामुळे पहिलं तांब्याभर पाणी गार येतं. ते बाजूला धरून आम्ही जास्वंदीला घालतो. खिडकीचं प्लॅस्टिक त्याच दिवशी काढलं. आणि माझी मुलगी आंघोळ करताना मोठ्यांदा तेरापासून पाढे म्हणते. पाढा थांबला की मी हाक मारते. आता तिचे तीसपर्यंतचे पाढे पाठ झाले आहेत!

म्हणून त्या मुलीच्या प्रश्नाला मी हसले नाही. बोटीवर बंब असतो का, असं विचारणारं मूल उद्या आपल्या घरातही विचारेल, धूर कुठून जातो? हा प्रश्न घरातल्या कुणीतरी विचारायलाच हवा.

तर आज घरी गेल्यावर तुम्ही हे तीन प्रश्न विचारा. उष्णता कुठून येते? दाब कुठून जातो? धूर कुठून जातो? तिसऱ्याचं उत्तर ‘कुठूनच नाही’ असं आलं, तर आई-बाबांना हे पान वाचून दाखवा.

पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी. गॅस गिझर आणि पेटता बंब यांची जागा न्हाणीघराच्या बाहेर. शेगडीतले निखारे बंद खोलीत शेकायला नेऊ नका, तोच वायू तिथंही तयार होतो. बादलीत आधी गार पाणी, मग कढत. कॉईलचं बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात हात नाही. आणि न्हाऊन आलेलं मूल डोकं दुखतं म्हणालं, तर रागावण्याआधी खिडकी बघा. कुणी आत बेशुद्ध सापडलंच, तर गिझर बंद करा, दार-खिडकी सताड उघडा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि थेट दवाखाना गाठा.

करून पाहा : एकाच मापाच्या दोन बाटल्या घ्या. एकीला काळा कागद गुंडाळा, दुसरीला पांढरा. दोन्हीत सारखं पाणी भरा आणि दोन तास उन्हात ठेवा. कुठल्या बाटलीतलं पाणी जास्त तापलं? का तापलं? आकड्यांसह वहीत लिहा. थर्मामीटर नसेल तर बोटानं अंदाज घ्या, पण दोघांकडून घ्या. एकाचं बोट फसवतं!

पुढच्या आठवड्यासाठी कोडं : बोटीच्या चारी बाजूंना पाणीच पाणी, तरी दर्यावर्दी तहानलेला का? उत्तर शोधून ठेवा. आणि हो, उद्या आंघोळ करून या!